मियाटा तापतेय: थर्मोस्टॅट बदलला आणि दुखणं वाढलं

उनाड_पाखरू
नमस्कार मंडळी, गाड्यांच्या मोठ्या धाग्यावर विचारणार होतो पण तिथे इलेक्ट्रिक की हायब्रीड यावरून जुंपलीय, म्हणून वेगळा धागा काढतोय.

गाडी माझदा मियाटा, १९९१, १.६ इंजिन, पाच गिअर, कापडी छत, एसी आहे आणि चक्क चालतो. मुक्काम डॅलस. हिवाळ्यात घेतली तेव्हा तापमानाचा काटा धड वर यायचाच नाही, हायवेला लागलं की पार खाली जाऊन बसायचा आणि हीटरमधून कोमट वारा. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाच्या पाण्याची वाट उघड-बंद करणारी झडप, उघडाच अडकलाय हे शेंबडं पोरगंही सांगेल. तो बदलला. हीटर झकास चालायला लागला, काटा मधोमधच्या जरा डावीकडे येऊन गप्प बसला, मी खूश.

आता इकडे ऊन सुरू झालंय, दुपारी शंभर फॅरनहाइट म्हणजे आपले ३८, आणि नवीनच नाटक. गावात, सिग्नलला, अगदी एसी लावून कॉफीच्या रांगेत उभी राहिली तरी काटा हलत नाही. पण हायवेला ताशी ७० मैलांनी थोडा वेळ पळवली की उजवीकडे सरकायला लागतो. एक्झिट घेऊन गल्लीबोळातून हळू नेली की परत जागेवर. मला उलटं वाटलं होतं, वारा जास्त तर थंड जास्त.

जुना थर्मोस्टॅट अजून डब्यात पडलाय. तोच परत टाकू का? की नवीन पीस खराब निघाला?

तर्री_पोहा
काहून एवढा त्रास करून घेता भाऊ, काढूनच टाका ना तो थर्मोस्टॅट. आमच्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, गाडी तापली म्हटलं की मिस्त्री पहिले हाच वाल काढून फेकते, मग बाकीचं पाहते. माझ्या गाडीत तर कधीचाच नाही आहे, मस्त चालू आहे.

पाना_दहाचा
तर्रीभाऊ, राग मानू नका पण हा सल्ला देशभर ज्यांनी पसरवला त्यांना एकदा भेटायचंय मला.

थर्मोस्टॅटच्या आत एक छोटी कुपी असते, त्यात मेण. पाणी तापलं की मेण वितळतं, फुगतं, दांडी ढकलतं आणि झडप उघडते. वीज नाही, सेन्सर नाही, काही नाही. या इंजिनात साधारण ८८ च्या आसपास उघडायला लागतो आणि १०० पर्यंत पूर्ण उघडतो. म्हणजे तो ठरवतो इंजिन कमीत कमी किती गरम राहणार. जास्तीत जास्त किती होणार हे त्याच्या हातात नाहीच, ते रेडिएटर, पंखा, पंप आणि समोरून येणारी हवा ठरवतात. पूर्ण उघडल्यावर नवा काय नि उघडा अडकलेला जुना काय, पाणी जवळपास तेवढंच सोडतात.

वाल काढला की इंजिन वेळेवर गरम होत नाही, इसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटतं अजून गारठाच आहे, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो, ते न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरतं, अ‍ॅव्हरेज पडतं, झीज वाढते. मस्त चालू आहे असं वाटतं कारण यातलं काहीच काट्यावर दिसत नाही.

पाखरा, तुझा नवीन थर्मोस्टॅट बंदच अडकला असता तर गावातसुद्धा काही मिनिटांत तापली असती. तुझी गावात तापत नाही, म्हणजे थर्मोस्टॅट उघडतोय आणि पंखाही फिरतोय. जुना परत टाकून फक्त पुढच्या हिवाळ्यात कुडकुडशील.

आता काम कर. दोन फोटो टाक: रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिकच्या टाकीचा, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता. आणि एक गाडीच्या नाकाखालून, बंपरच्या खाली झोपून.

झिंगालाला
ओबीडीत, म्हंजे गाडीच्या कॉम्प्युटरच्या सॉकेटात, डोंगल घाल की भावा, मोबाइलवर डायरेक्ट टेम्परेचर दिसतंय, काट्याकडं कशाला बघायचं. पाचशे रुपयात मिळतोय.

पाना_दहाचा
१९९१ ची आहे. अमेरिकेत ओबीडी २ सक्तीचं झालं १९९६ पासून. डोंगल घालणार कुठे, सिगारेट लायटरमध्ये?

झिंगालाला
हाहाहा, वर्ष बघितलंच न्हाई. चालू द्या.

धुक्यातली_वाट
अय्या, मराठी धाग्यावर मियाटा! माझ्याकडे इंग्लंडमध्ये युनोस रोडस्टर आहे, हीच गाडी, जपानहून आयात केलेली. पानादादांनी टाकीचा फोटो का मागितला ते सांगते. या गाडीच्या मूळ रेडिएटरची वरची टाकी नवीन असताना काळी कुळकुळीत असते. वर्षानुवर्षं उकळत्या कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात, शिजून ती आधी हिरवट होते, मग मेंदीच्या रंगाची, मग खाकी. खाकी झाली की समजायचं प्लास्टिक ठिसूळ झालंय, कधी फुटेल नेम नाही, आणि एवढ्या वयात आतल्या नळ्यांतही गाळ बसलेला असतोच. इथल्या क्लबात सेकंडहँड गाडी बघायला गेलं की बॉनेट उघडून लोक पहिल्यांदा तो रंग बघतात, इंजिन नंतर.

आणि नाकाखालचा फोटो ट्रेसाठी. बंपरच्या खाली एक मोठा प्लास्टिकचा पत्रा असतो, लोकांना वाटतं चिखल उडू नये म्हणून आहे. खरं काम हवेचं. हवा आळशी असते, सोपी वाट शोधते, आणि रेडिएटरच्या बारीक जाळीतून घुसण्यापेक्षा खालून सटकणं तिला सोपं. ट्रे असेल तर तिला दुसरी वाटच राहत नाही. नसेल तर वेग वाढेल तसं इंजिन जास्त उष्णता टाकत जातं आणि रेडिएटरमधून जाणारी हवा मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. गावात पंखा ओढून घेतो म्हणून काही कळत नाही.

उनाड_पाखरू
ताई, दादा, फोटो टाकलेत. टाकी... खाकी. अगदी पोलिसी. आणि ट्रे नाहीच आहे, त्याचे बोल्ट बसायची भोकं तेवढी दिसतायत. आधीच्या मालकाने कधीतरी ऑइल बदलताना काढला असणार आणि परत लावायचा कंटाळा केला असणार.

थर्मोस्टॅट मी कसा बदलला तेही लिहितो म्हणजे कुठे काही राहिलं असेल तर सांगा. गाडी रात्रभर थंड, मग रेडिएटरची कॅप उघडली, खालच्या प्लगमधून पसरट टबात कूलंट काढलं, वरचा होज सोडला, हाउसिंगला, म्हणजे थर्मोस्टॅटच्या कव्हरला, १२ च्या पान्याचे दोन बोल्ट. जुनं कागदी गॅसकेट इतकं चिकटलं होतं की खरवडण्यातच सगळा वेळ गेला, अ‍ॅल्युमिनियमला ओरखडे नकोत म्हणून प्लास्टिकची पट्टी वापरली, भोकात चिंधी कोंबली म्हणजे तुकडे आत पडायला नकोत. थर्मोस्टॅटवर ती छोटी डुलणारी पिन असते ती वरच्या बाजूला ठेवली. नवीन गॅसकेट, बोल्ट आलटून पालटून आवळले, बेताने. मग निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड वॉटर.

रमतगमत_काका
पिन वर ठेवलीस ते उत्तम. तिच्याशेजारून हवा निघून जाते, भरताना खाली हवा अडकत नाही.

यावरून आठवलं. आमची प्रीमियर पद्मिनी होती, एक्सप्रेसवे व्हायच्या आधीची गोष्ट. मे महिन्यात खंडाळ्याचा घाट म्हणजे अमृतांजन पुलाच्या अलीकडे बॉनेट उघडलेल्या गाड्यांची रांगच. वडील डिकीत पाण्याचा कॅन आणि ओलं गोणपाट ठेवायचे. कॅपला हात लावायची आम्हा पोरांना सक्त बंदी, आणि ते स्वतःही सगळ्यांचं चहा-भजी होईपर्यंत हात लावत नसत. दाबाखालचं पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही, कॅप सैल केली की दाब जातो आणि त्याच क्षणी सगळं उकळून अंगावर. त्यात हात भाजलेले ड्रायव्हर मी पाहिलेत. पाखरू, हायवेला काटा चढला तर काहीही झालं तरी कॅप उघडू नकोस. एसी बंद, काचा खाली, हीटर फुल गरम आणि पंखा फुल. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. घाम फुटेल पण घरी पोचशील.

तर्री_पोहा
काका भजी आठवून दिली तुम्ही, आता काय काम सुचत नाही ☹

ट्रॅकवाला
सगळे ट्रे आणि रेडिएटरवर अडकलेत, मूळ दोष कोणी बोलत नाहीये. हे इंजिन माझदाने बनवलं ३२३ साठी, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी, इंजिन आडवं. तिथे पाणी एका टोकाने आत आणि दुसऱ्या टोकाने बाहेर, थर्मोस्टॅट त्या दुसऱ्या टोकाला. मियाटात तेच इंजिन उभं बसवलं, मग ते टोक गेलं मागे फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या, कुशीत, तिथे होजला जागा नाही, म्हणून थर्मोस्टॅट आणला पुढे. आता पाणी पुढून आत आणि पुढूनच बाहेर, मागच्या चौथ्या सिलिंडरला हीटरच्या होजमधून जे काय थोडं फिरेल तेवढंच. म्हणून लोक रीराउट करतात, थर्मोस्टॅट परत मागे नेतात. तोच खरा इलाज. पाखराने तेच करावं, उगाच दोनदा पैसे घालू नये.

पाना_दहाचा
माहिती शंभर टक्के बरोबर, सल्ला पन्नास टक्के. रीराउट टर्बोवाल्यांसाठी आणि जे दिवसभर ट्रॅकवर पिळतात त्यांच्यासाठी. १९८९ साली शिकागोच्या ऑटो शोमध्ये ही गाडी आली तेव्हापासून त्याच मांडणीवर लाखो गाड्या ऑफिसला जाऊन येतायत, टेक्सासातसुद्धा. खाकी रेडिएटर आणि ट्रे नसताना रीराउट केलं तर चारही सिलिंडर समान तापतील इतकंच.

ट्रॅकवाला
समान तापणं हाच तर मुद्दा आहे. पण ठीक, आधी मूळ वस्तू जागेवर आणा, मान्य.

शंकासुर
हेड गॅसकेट, म्हणजे सिलिंडरमधला गॅस पाण्यात जाऊ न देणारं सील, गेलं असेल तर? हायवेला लोड पडल्यावरच तापणं हे पण त्याचंच लक्षण ना? माझ्या भावाच्या गाडीला असंच झालं होतं, रेडिएटर बदलला, पंप बदलला, होज बदलले, शेवटी हेड उघडलं.

पाना_दहाचा
रास्त शंका. म्हणूनच रेडिएटर मागवायच्या आधी एक टेस्ट कर पाखरा. पार्ट्सच्या दुकानात ब्लॉक टेस्टर भाड्याने मिळतो तुमच्याकडे. काचेच्या नळीत निळं पाणी, रेडिएटरच्या तोंडावर ठेवून इंजिन चालू करायचं आणि फुगा दाबत वरची हवा त्या पाण्यातून ओढायची. कूलंटमध्ये जळका गॅस येत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. आधी रेडिएटरमधलं कूलंट थोडं खाली कर, नाहीतर नळीत कूलंट ओढलं जाऊन टेस्ट बोंबलेल.

सोबत अल्टरनेटरचा पट्टा बघ. याच पट्ट्यावर पाण्याचा पंप फिरतो, सैल असेल तर वरच्या आरपीएमला घसरतो. आणि समोरून टॉर्च मारून एसीचा कंडेन्सर बघ, रेडिएटर त्याच्या मागे लपलेला असतो, मधल्या फटीत वाळकी पानं, किडे, प्लास्टिकच्या पिशव्या, काय वाट्टेल ते सापडतं.

उनाड_पाखरू
रिपोर्ट.

ब्लॉक टेस्टर: निळंच राहिलं, चांगलं तापवून केली टेस्ट. हुश्श. पट्टा घट्ट आहे. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधे कापसासारखा थर बसला होता, झाडाची ती उडणारी म्हातारी असते ना ती, त्यात किडे. मागच्या बाजूने हलक्या धारेने धुतलं, जोरात मारलं तर जाळीच्या पात्या मुडपतात हे आधीच वाचलं होतं.

इन्फ्रारेड गन मित्राची आणली. गंमत म्हणजे थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर धरली तर ६० दाखवायला लागली, जिथे हात ठेवता येत नव्हता. मग कळलं चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर गन खोटं बोलते, काळी टेप चिकटवून तिच्यावर धरली तर ९० च्या पुढे, बरोबर. मग रेडिएटरच्या जाळीवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवली, पंखा बंद असताना. एका बाजूचे चार-पाच बोटं रुंदीचे पट्टे बाकीच्यापेक्षा चांगलेच गार. म्हणजे तिथे गरम पाणी पोचतच नाहीये, नळ्या बुजल्या.

ट्रे वापरलेला मिळाला, एका बाजूला चीर आहे पण चालेल. रेडिएटर मागवतोय. दोन्ही एकदमच लावू ना?

धुक्यातली_वाट
नको! आधी ट्रे लाव आणि त्याच रस्त्यावर, त्याच उन्हात चालवून बघ. दोन्ही एकदम केलंस तर कशाने काय झालं कधीच कळणार नाही. रेडिएटर तर बदलायचाच आहे, तो रंग बघून मला झोप येणार नाही, पण आधी आम्हाला उत्तर पाहिजे 😄

ट्रॅकवाला
+१

उनाड_पाखरू
ट्रे लावला. बोल्ट दहाचेच, पानादादांचा आयडी सार्थकी लागला. एसी बंद ठेवून ७० ला काटा आता जागचा हलत नाही. एसी लावला की एका लांब चढावर थोडा सरकतो पण आधीसारखा घाबरवत नाही. नुसत्या एका प्लास्टिकच्या पत्र्याने एवढा फरक, विश्वास बसत नाही.

शंकासुर
एसी लावल्यावर का पण? एसीचा आणि पाण्याचा काय संबंध?

पाना_दहाचा
कंडेन्सर केबिनमधली उष्णता बाहेर टाकतो ती थेट त्याच्या मागच्या रेडिएटरवर. म्हणजे रेडिएटरला ३८ ची हवा मिळतच नाही, आधीच तापलेली मिळते. वर कंप्रेसर फिरवायला इंजिनाला जास्त काम. निरोगी रेडिएटरला हे सगळं झेपतं, अर्धवट बुजलेल्याला नाही. आणि काट्यावर फार विसंबू नकोस, मधल्या पट्ट्यात तो मुद्दाम आळशी केलेला असतो, थोडंफार वर-खाली दाखवतच नाही. सरकताना दिसला म्हणजे पाणी आधीच बरंच वर गेलेलं असतं.

उनाड_पाखरू
रेडिएटर आला आणि बसलाही. वाटलं होतं त्यापेक्षा सोपं, वरचे दोन ब्रॅकेट सोडायचे, पंख्यांची कनेक्शनं काढायची, होज सोडायचे आणि पंख्यांसकट सगळा ठोकळा वर उचलायचा. खाली रबरात नुसता बसलेला असतो. पंखे जुन्यावरून नव्यावर. होज दोन्ही नवे टाकले, जुना खालचा दाबून बघितला तर आतून चरचरला. कॅपही नवीन. जाड अ‍ॅल्युमिनियमवाला घ्यायचा मोह झाला होता पण पंख्यांचं कव्हर नीट बसत नाही असं बऱ्याच जणांनी सांगितलं म्हणून मूळ मापाचाच घेतला.

जुना उचलताना वरच्या टाकीची होज लावायची तोटी हातात आली. हातात! जोर लावला नव्हता, नुसता धरला होता. हे हायवेला झालं असतं तर काय, विचारच नको.

हवा काढताना नाक जॅक स्टँडवर उंच, तोंडाला मोठं नरसाळं, हीटर गरमवर, आणि वरचा होज हाताने दाबत राहिलो, बुडबुडे संपता संपत नव्हते. पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत थांबलो. दुसऱ्या दिवशी थंड असताना परत कॅप उघडून बघितलं, लेव्हल खाली गेली होती, भरली.

आता एसी फुल, ऊन तेच, चढ तोच, काटा ढिम्म. टेपवरचं रीडिंगही घरी पोचल्यावर ९० च्या घरातच.

रमतगमत_काका
शाब्बास. जुनं कूलंट काय केलंस? गटारात किंवा बागेत ओतू नको, ते चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि किडन्या जाऊन मरतात. उघड्या टबात ठेवलं असशील तर आधी झाकण लाव.

उनाड_पाखरू
बाटल्यांत भरून झाकणं लावलीत काका, इथे काउंटीच्या केंद्रावर घेतात, शनिवारी देऊन येतो.

धुक्यातली_वाट
नवीन टाकीचा फोटो टाक ना, काळीभोर असेल.

उनाड_पाखरू
टाकला बघा. तिच्यात तोंड दिसतंय.

कोकणकडा
मस्त धागा, एका दमात वाचला. माझी १.८ आहे, १९९५, कॅलिफोर्नियात. माझं बरोब्बर उलटं, हायवेला मजेत, ट्रॅफिकमध्ये काटा चढतो. एसी लावला की उतरतो! हे काय गौडबंगाल?

पाना_दहाचा
गौडबंगाल काही नाही. एसी लावला की पंखे फिरतात म्हणून उतरतो, म्हणजे रेडिएटर ठीक, मोटर ठीक, पण एसी बंद असताना पंख्याला चालू हो म्हणून कोणी सांगत नाहीये. १.६ ला त्यासाठी थर्मोस्टॅट हाउसिंगवरच वेगळा स्विच असतो, तुझ्या १.८ ला ते काम इसीयू करतो, सेन्सर बघून. बॉनेटखाली डायग्नोसिसचा छोटा काळा डबा आहे, इग्निशन ऑन करून त्यात टीएफए आणि जीएनडी लिहिलेली टोकं वायरच्या तुकड्याने जोड. पंखा फिरला तर रिले आणि वायरिंग चांगलं, मग सेन्सर आणि त्याचं कनेक्टर तपास. नाही फिरला तर रिलेपासून सुरुवात. करून सांग.

कोकणकडा
फिरला. कनेक्टर काढून बघतो, हिरवं काहीतरी जमलेलं दिसतंय.